गोड गळ्याचा संदेष्टा

जानेवारी २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्याच्या गावी, यवतमाळला, ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. बाभुळगावाहून यवतमाळ फार दूर नाही, त्यामुळे आम्हीही गेलो होतो. संमेलनापूर्वीच वादंग माजले होते. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते उद्घाटन नको असा विरोध उभा राहिला, आणि निमंत्रण मागे घेतले गेले. सहगल यांचे लिहून तयार असलेले भाषण मात्र वर्तमानपत्रांनी छापले आणि मंडपात जेवढे ऐकले गेले असते त्याहून कितीतरी अधिक घरांतून ते वाचले गेले. शेवटी उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी, यवतमाळ जिल्ह्यातलीच ही बाई. नवरा गेल्यावर मागे उरणाऱ्या बाईचे जगणे काय असते ते तिने आमच्या वऱ्हाडी वळणाच्या बोलीत सांगितले. अडचणीच्या वेळी दूरची मोठी बाई नव्हे, जवळची साधी बाईच कामास येते, असा एक टोलाही तिने हाणला. मंडप टाळ्यांनी दुमदुमला. आमच्याही डोळ्यांत पाणी आले.

संध्याकाळी आम्ही बाभुळगावला परतलो. येताना 'काय सुंदर बोलली हो!' असे आम्ही एकमेकांस तीन-चार वेळा म्हटल्याचे स्मरते. दुसऱ्या दिवशी नित्याचे व्यवहार सुरू झाले.

या प्रसंगाची टोचणी मनात पुढे बरीच वर्षे राहिली. ती काय आहे हे आम्हांस कळले ते एका अगदी वेगळ्या ठिकाणी, बायबलच्या जुन्या करारातील यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात. त्याच्या तेहतिसाव्या अध्यायात एक विलक्षण तक्रार आहे. लोक दारांत आणि भिंतींच्या आडोशाला उभे राहून तुझ्याविषयी बोलतात, असे देव यहेज्केलाला सांगतो. चला, आज काय संदेश आला आहे ते ऐकू, असे म्हणून ते थव्याने येतात आणि तुझ्यासमोर बसतात. ते ऐकतात, पण करीत काहीच नाहीत. तू त्यांना गोड गळ्याच्या, वाद्य उत्तम वाजविणाऱ्या गवयासारखा वाटतोस. या मजकुराचा आशय एवढाच. परंतु आमच्या मते संदेष्ट्याच्या वाट्याला येणाऱ्या सगळ्या दुर्दैवांत हे दुर्दैव सर्वांत सूक्ष्म आहे. त्याला कोणी मारले नाही, हाकलले नाही, उलट त्याची मैफल केली.

येथे 'संदेष्टा' या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. जुन्या मराठी भाषांतरांत याच अर्थी 'भविष्यवादी' असा शब्द आढळतो, आणि त्यामुळे पुष्कळ मराठी वाचकांची समजूत अशी होते की, हा कोणी कुडमुड्या जोशाचा थोर भाऊ असावा. वस्तुतः आमोस, यिर्मया, मीखा यांच्या पुस्तकांत उद्याच्या गोष्टी थोड्या आहेत, आजच्या फार आहेत. बाजारात काटा खोटा आहे, न्यायासनापुढे गरिबाची दाद लागत नाही, आणि हे सारे चालू असताना मंदिरात मात्र उत्सव थाटात होतात: हा त्यांचा विषय. भविष्य येते ते एवढ्यापुरतेच, की असेच चालले तर शेवट काय होईल. म्हणून 'संदेष्टा' हाच शब्द बरा. ज्याला दुसऱ्याचा निरोप पोहोचवायचा आहे, आणि तो निरोप ऐकणाऱ्याला आवडेल की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्याला नाही, असा मनुष्य.

असा निरोप न ऐकण्याच्या रीती त्या ग्रंथातच नोंदलेल्या आहेत, आणि त्या चार आहेत असे आम्हांस दिसते. पहिली रीत अमस्याची. आमोस हा तकोवाचा गुराखी आणि उंबराची झाडे राखणारा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात तो उत्तरेकडच्या राज्यात बेथेल येथे जाऊन बोलू लागला. तेव्हा तेथील याजक अमस्या त्याला म्हणाला, तू आपल्या यहूदा देशात जा आणि तिकडे भाकर मिळव. हे राजाचे देवस्थान आहे. म्हणजे तू बाहेरचा, आणि बोलतोस ते पोटासाठी. दुसरी रीत यहोयाकीम राजाची. यिर्मयाने सांगितलेली आणि बारूखाने लिहिलेली गुंडाळी राजापुढे वाचली जात होती. हिवाळा होता, शेगडी पेटलेली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापी आणि निखाऱ्यांत टाकी. तिसरी रीत अहाबाची. त्याने चारशे संदेष्टे पदरी बाळगले होते, ते सारे त्याला रुचेल तेच बोलत. मीखाया नावाचा एकच उरला होता, आणि तो आपल्याविषयी कधी बरे बोलत नाही म्हणून राजा त्याचा द्वेष करी. चौथी रीत यहेज्केलाच्या श्रोत्यांची, ती वर आलीच आहे. पहिल्या तिन्हींत निदान एवढे मान्य केलेले असते की बोलणे झोंबले. चौथीत झोंबणेच नाहीसे होते.

आता प्रश्न असा की, महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात या रीती दिसतात काय? दिसतात, आणि त्या पाहण्यासाठी आम्ही मुद्दाम दोन घरांचेच उदाहरण घेतो. ही उदाहरणे ख्रिस्ती मंडळींची असली तरी त्यांतला दोष केवळ ख्रिस्ती मंडळींचा नव्हे, हे आमच्या संमेलनाच्या गोष्टीवरून वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असताना बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाल्या. सर्वसामान्य समजूत अशी की तेथून पुढे त्या मिशनऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे चालल्या. त्यांचा वाँटेजच्या सिस्टर जेरल्डाइन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. तो वाचणाऱ्याची ही समजूत पहिल्या वीस पानांतच मोडते. रमाबाई प्रत्येक सिद्धांताला प्रश्न विचारीत होत्या. पुरोहितवर्गाचा अधिकार एकदा झुगारून आल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचा अधिकार निमूटपणे का मानावा, हा त्यांचा मूळ मुद्दा. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती ना मला कळत ना माझ्या देशबांधवांना, हीसुद्धा त्यांची हरकत होती. चेल्टनहॅम येथे त्यांनी इंग्रज पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी त्यास विरोध केला. सिस्टर जेरल्डाइन यांना या साऱ्यात गर्व दिसला. शिष्या जे बोलते आहे तो आपल्यासाठी आलेला निरोप असू शकेल, ही शक्यता त्या भल्या बाईंच्या मनाला फारशी शिवली नाही. शिकविणाऱ्याला शिकणाऱ्याकडून ऐकणे सर्वांत अवघड जाते.

इकडे भारतातही रमाबाईंचे बोलणे एकाच बाजूला सुखाचे झाले नाही. शारदासदनातील धर्मांतराच्या वादावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार दूर झाले. पुढे १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांची जी आबाळ होत होती तिच्याविषयी रमाबाईंनी 'बाँबे गार्डियन'मध्ये पत्र छापले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचे म्हणणे खोटे ठरविले. सनातन्यांना त्या बाटलेल्या वाटत, सुधारकांना आडमुठ्या, बिशपांना उद्धट आणि सरकारला बेजबाबदार. चार वेगवेगळ्या अमस्यांनी चार वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवून 'तिकडे जाऊन बोला' असे सांगावे, तसा हा प्रकार. गंमत अशी की, यांपैकी प्रत्येकाने त्यांची विद्वत्ता मुक्तकंठाने वाखाणली होती.

दुसरे घर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. यहेज्केलाची तक्रार वाचताना आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहिले ते टिळकच. १८६१ मध्ये कोकणात जन्मलेला हा कवी विदर्भाला परका नाही. नागपुरात त्यांनी काही काळ काढला, आणि नागपुराहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी झाली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत येऊन पोहोचलो असे ते सांगत, आणि त्यांच्या भजनांचा, अभंगांचा तोंडवळाही तोच आहे. आज महाराष्ट्रातील कोणत्याही मराठी प्रॉटेस्टंट उपासनेला जावे, 'उपासना संगीत' उघडावे, आणि टिळकांचे पद कानी पडू नये असे क्वचितच घडेल. इतकी वर्षे ज्याची गीते गायली जातात त्या कवीचे भाग्य थोर यात शंका नाही.

परंतु टिळक केवळ पदे रचीत नव्हते. ज्या मिशनच्या छायेत ते राहत होते त्या मिशनविषयी त्यांचे म्हणणे स्पष्ट आणि झोंबणारे होते. परदेशी मिशनरी हा येथील ख्रिस्ती माणसाचा मायबाप होऊन बसला आहे, आणि जोवर तो भाऊ होत नाही तोवर ही मंडळी उभी राहायची नाही, हे एक. ख्रिस्त येथे यायचा तर या मातीच्या वेषात, या मातीच्या भजनात यावा, कोट-पाटलोणीत नव्हे, हे दुसरे. पगारावर पोसलेली भक्ती शेवटी पगाराचीच होते, हे तिसरे. हाच सूर त्या काळी अन्यत्रही उमटत होता. १९१० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिणेतील व्ही. एस. अझरियाह यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाची थोरवी मान्य करून वर विनविले की, आता आम्हांला मित्र द्या. त्यांचे ते भाषण ऐकून सभागृहातील पुष्कळ जण अस्वस्थ झाले, काही रुष्टही झाले. आज ते भाषण त्या परिषदेतील सर्वांत स्मरणीय मानले जाते. स्मरणीय ठरण्यास काळ जावा लागतो, आणि तेवढ्या काळात ऐकण्याची वेळ निघून गेलेली असते.

टिळकांनी नुसते सांगितले नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभारण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून ज्यात बरोबरीने बसतील असा तो दरबार. वय छप्पन्न, प्रकृती तोळामासा, पुढे मिळकतीचा भरवसा नाही. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, त्यांचे मुंबईत निधन झाले आणि दरबाराचे कार्य त्यांच्यामागे फार काळ तग धरू शकले नाही. परदेशी मिशनच्या हातून कारभार येथील मंडळींच्या हाती यायला पुढे अर्धे शतक लागले. उत्तर भारतातील अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, तेही आमच्या विदर्भात, नागपुरात. टिळकांचे ऐकून ते झाले असे म्हणावे तर मधली पन्नास वर्षे आड येतात. पदे मात्र त्या पन्नास वर्षांत एका रविवारीही थांबली नाहीत. गवई गात राहिला आणि श्रोते डोलत राहिले.

येथे कोणी म्हणेल, गीत गाणे हेही एक प्रकारचे ऐकणेच नव्हे काय? आहे. ज्या पदाने दुःखात धीर दिला, मरणशय्येवर सोबत केली, त्याला हिणविण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, एकाच माणसाच्या तोंडून दोन प्रकारचे शब्द आले, त्यांतले धीर देणारे आपण पाठ केले आणि जाब विचारणारे चरित्रग्रंथात ठेवून दिले. ही निवड टिळकांनी केली नव्हती, ऐकणाऱ्यांनी केली.

मग खरे ऐकणे कशाला म्हणावे? याचे उत्तर शोधायला त्या घरातून बाहेर जावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध केली. पती ख्रिस्ती झाला तेव्हा या बाईवर आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पुन्हा पतीजवळ राहू लागल्या तरी सोवळे सुटले नव्हते; स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एकदा स्वतःशीच विचार करता करता त्यांच्या मनात उजाडले की, ही जातीची उतरंड देवाने केलेली नसून माणसांनी रचली आहे. आणि तसे उजाडल्याबरोबर त्यांनी काय केले? कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे ठरवून टाकले. बाप्तिस्मा झाला तो नंतर, १९०० मध्ये. हा भाग आम्ही अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्यातील साधेपणाने थक्क झालो आहोत. त्यात ना व्याख्यान, ना अश्रू. पिढ्यानपिढ्या अंगात मुरलेली एक गोष्ट पाण्याच्या भांड्यापाशी येऊन संपली. विचार पटला याची खूण म्हणजे हात वेगळ्या भांड्याकडे गेला.

जातीचा विषय निघाला तेव्हा आणखी एका आवाजाची आठवण करावी लागेल, कारण तो मंडळीच्या बाहेरून आला होता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण झाले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तित्वांचा आपल्यावर प्रभाव आहे असे त्यांनी तेथे सांगितले, आणि लगेच दक्षिणेतील ख्रिस्ती समाज देवळातही जातिभेद पाळतो हे ऐकविले. शिक्षण मिळूनही हा समाज आपल्या हक्कांसाठी लढत नाही, हेही त्यांनी सुनावले. पुढे त्यांनी याच विषयावर विस्ताराने लिहिले. शाळा आणि रुग्णालये यांवर मिशनांनी खर्च केला, पण ज्या अस्पृश्यांनी धर्मांतर केले त्यांच्या सामाजिक दैन्याशी झुंज घेतली नाही, असा त्यांचा आरोप आहे. ख्रिस्ताची थोरवी गाणारे अर्धे भाषण ऐकायला गोड, उरलेले अर्धे कडू. गोड अर्धे उद्धृत करण्याचा मोह किती मोठा असतो ते निराळे सांगायला नको. बाहेरचा माणूस आपल्या ग्रंथाचाच काटा आपल्यापुढे धरतो तेव्हा 'तू बाहेरचा' एवढे म्हणून सुटता येत नाही. आमोसही बेथेलमध्ये बाहेरचाच होता.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. जो झोंबेल ते बोलतो तो प्रत्येक जण संदेष्टा नव्हे. आमच्या काळात तर कडू बोलण्याचाही धंदा होतो, आणि चारशे जणांचा ताफा कधी स्तुती करणाऱ्यांचा असतो तसा कधी शिव्या देणाऱ्यांचाही असतो. मग ओळखावे कसे? यिर्मयाच्या पुस्तकात हनन्या नावाच्या एका प्रतिस्पर्ध्याची गोष्ट आहे. बाबेलचे जोखड दोन वर्षांत मोडेल असे गोड भाकीत त्याने सर्वांसमक्ष केले. यिर्मया त्यावर तुटून पडला नाही. तो म्हणाला, आमेन, तसेच होवो! आपले कडू भाकीत खोटे ठरावे अशीच त्याची इच्छा होती. परंतु तसे होणार नाही हे त्याला दिसत होते. हा आमच्या मते सर्वांत विश्वसनीय कस. ज्याला आपल्या कडू बोलण्यात चव येते त्याच्यापासून जपून असावे. ज्याला ते बोलताना दुःख होते आणि त्याची किंमत जो स्वतः मोजतो, त्याच्यापुढे बसावे. टिळकांनी पगार सोडला, रमाबाईंनी दोन्हीकडचे आश्रयदाते गमावले. वैशाली येडे यांनी मोजलेली किंमत आम्ही काय सांगावी?

हे सारे लिहिताना आमच्या जिल्ह्याचा एक जुना धागा मनात येतो. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी या नावाने ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था उभी राहिली. देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी या कापसाच्या गावी येऊन आमोस आणि यिर्मया अभ्यासीत. तीस वर्षांनी, १९८३ मध्ये, ती संस्था पुण्यास गेली. १९८६ च्या १९ मार्च रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह आपले जीवन संपविले, आणि पुढे दोन दशकांत 'यवतमाळ' हे नाव देशभर ज्या कारणासाठी घेतले जाऊ लागले ते सर्वांना ठाऊक आहे. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले. या घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. आम्हांस एवढेच वाटते की, खोटे माप, फुगविलेले कर्ज आणि गरिबाची न लागणारी दाद यांविषयी आमोसने जे सांगितले ते समजून घ्यायला बाभुळगावच्या माणसाला हिब्रू भाषेची गरज पडू नये. शब्दकोश दाराबाहेरच आहे.

आणि येथेच आमचा स्वतःचा हिशेब आम्हांस द्यावा लागतो. ज्या घरातला कर्ता असा गेला आहे, असे एक घर आमच्याही ओळखीचे आहे. तेराव्याला आम्ही गेलो होतो. त्यानंतर गेलो नाही. काय बोलावे सुचत नाही, हे कारण आम्ही स्वतःस देत आलो. संमेलनात टाळ्या वाजविल्या तेव्हाही ते घर आमच्या वाटेवरच होते. हा लेख लिहायला घेतला आणि यहेज्केलापाशी येऊन अडलो, तेव्हा शेवटी एका दुपारी आम्ही तेथे गेलो. आपण आता काही मोठे ऐकणार आहोत, अशी एक लाजिरवाणी अपेक्षा मनात होती, ती कबूल केलेली बरी.

बाईने मोठे काही सांगितले नाही. पाणी दिले. मुलाच्या शाळेचे विचारले तेव्हा थोडेसे बोलली. मग आतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, हे जरा वाचून सांगता का? आकडा किती हाये?" आम्ही वाचला. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "एवढे नव्हते जी घेतले त्यायनं." पुन्हा वाचायला सांगितले, आम्ही पुन्हा वाचले. आकडा तोच होता.

कागद कोणाच्या हातचा आहे ते खालची सही पाहून आमच्या ध्यानात आले. त्या गृहस्थाच्या ओसरीवर आमचा गेली कित्येक वर्षे चहा होतो. अडीअडचणीला त्याने आम्हांलाही मदत केली आहे, आणि माणूस बोलायला गोड आहे. त्याच्याकडे जाऊन हा आकडा विचारायचा म्हणजे तो चहा संपला. घरी येऊन आम्ही आमोसची पाने पुन्हा काढली, आणि प्रथमच ती आम्हांस सुंदर वाटली नाहीत.

बाईने आम्हांस काहीच करायला सांगितले नाही, हे खरे. परंतु कागद वाचून दाखविला आणि परतलो, एवढ्यावर थांबलो तर त्या मंडपातील टाळ्यांत आणि यात फरक तो कोणता? लेख येथे संपवितो. उद्या सकाळी त्या ओसरीवर जायचे आहे.